कोकराचं रेनिन जास्त, मग रक्तदाब कमी कसा?

माळरान
नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी माण तालुक्यात दख्खनी मेंढरं आहेत, त्यामुळे वर्गात मेंढीचं नाव निघालं की माझे कान आपोआप टवकारतात.

मागच्या आठवड्यात रेनिन-अँजिओटेन्सिन, म्हणजे रक्तदाब सांभाळणारी संप्रेरकांची साखळी शिकवली. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रेनिन सोडतं. रेनिन यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचा तुकडा पाडतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं एसीई नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन सुटतं, ते मीठ-पाणी धरून ठेवतं. दाब वाढतो. इथवर डोक्यात नीट बसलं.

मग सर म्हणाले, नवजात कोकराच्या रक्तात रेनिन आणि अँजिओटेन्सिन-२ मोठ्या मेंढीपेक्षा पुष्कळ जास्त असतं. आणि दाब? गर्भात शेवटच्या दिवसांत सरासरी ४५-५०, जन्मानंतर पहिल्या आठवड्यात ७०च्या आसपास, मोठ्या मेंढीत ९०-१०० मिलिमीटर पारा. म्हणजे दाब वाढवणारं संप्रेरक सगळ्यात जास्त तिथेच दाब सगळ्यात कमी! तास संपला आणि प्रश्न तसाच राहिला. कोणी उलगडून सांगेल का?

चहा_बिनसाखरेचा
मी गेली अकरा वर्षं रामिप्रिल ही रक्तदाबाची गोळी घेतोय, म्हणजे तुझ्या साखळीतल्या एसीईला रोज सकाळी कुलूप लावतो. पण कोकरांनाही हीच भानगड असते हे आज कळलं. बसलो पुढच्या बाकावर.

पहाटवारा
मी नवजात शिशूंचा डॉक्टर, कोकरांचा नाही. पण आमच्याकडेही हेच चित्र आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाचा पहिल्या दिवशीचा सरासरी दाब ४५-५०च्या घरात, मोठ्या माणसाचा ९०च्या आसपास. आणि बाळाचं रेनिन, अल्डोस्टेरॉन दोन्ही भरपूर, इतकं की तोच अहवाल मोठ्या माणसाचा म्हणून हातात आला तर मी मूत्रपिंडाच्या धमनीत अडथळा शोधायला लागेन.

माळरान, तू बाण एकाच दिशेने वाचते आहेस: रेनिन जास्त म्हणून दाब जास्त. उलटा वाच. दाब कमी आहे, म्हणून रेनिन जास्त आहे. तो दाब आहे तिथे तरी टिकावा म्हणून.

बाभूळ
मला वाटतं हा सगळा जन्माच्या ताणाचा परिणाम असावा. कळा, गुदमरणं, नाळ तुटणं. चार दिवसांत उतरत असेल.

शिशिर_ऋतू
@बाभूळ, अंशतः बरोबर. जन्माच्या वेळी ताणाची संप्रेरकं उसळतातच. नैसर्गिक प्रसूतीत नाळेच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन (मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारं संप्रेरक) आणि अ‍ॅड्रेनॅलिन-नॉरअ‍ॅड्रेनॅलिन प्रचंड वाढलेलं असतं, कळा सुरू होण्याआधी केलेल्या सिझेरियनमध्ये त्या मानाने बरंच कमी. पण रेनिनचं म्हणाल तर ते चार दिवसांत उतरत नाही. कोकरांत ते आठवड्यांच्या हिशेबाने खाली येतं, माणसाच्या बाळात तर महिन्यांच्या. नुसत्या ताणाने इतकं लांबत नाही.

मी सध्या कॅनडात आहे. प्राण्यांच्या हृदय-रक्ताभिसरणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढली, म्हणून पहाटवारा यांच्या उत्तरात भर घालते.

पहिलं: दाब दोन गोष्टींवर ठरतो, हृदय किती रक्त ढकलतं आणि रक्तवाहिन्यांच्या नळ्या किती आवळलेल्या आहेत. नवजाताचं हृदय वजनाच्या मानाने मोठ्या प्राण्यापेक्षा जास्तच रक्त ढकलतं. नळ्या मात्र सैल असतात. गर्भात असताना तर वारेचं मोठं, जवळजवळ विरोध नसलेलं जाळं जोडलेलं होतं. नाळ बंद झाली की ते सुटतं आणि दाब एकदम चढायला लागतो.

दुसरं, आणि तुझ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे: संप्रेरक किती आहे एवढ्यावर भागत नाही, ते ऐकणारा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) कोणता आहे ते पाहावं लागतं. अँजिओटेन्सिन-२चे मुख्य ग्राही दोन. एटी-१ नळी आवळतो. एटी-२ बराचसा उलट्या बाजूचा, शिवाय वाढीशी जोडलेला. मेंढीच्या गर्भात शरीरातल्या धमन्यांवर एटी-२ची गर्दी असते. एटी-१ असतो तो नाळेच्या रक्तवाहिन्यांवर. जन्मानंतर धमन्यांवर एटी-२ कमी होत जातो आणि एटी-१ त्याची जागा घेतो. म्हणजे हाक मोठ्याने मारली जातेय, पण दारं उघडणारी माणसं अजून घरात राहायला आलेली नाहीत.

माळरान
शिशिरताई, दारांचं पटलं! मग अल्डोस्टेरॉनचं काय? मीठ धरून ठेवायचं कामही होत नाही का? आणि व्हॅसोप्रेसिन?

पहाटवारा
नाही होत, निदान पुरतं होत नाही. आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

बाळाच्या रक्तात अल्डोस्टेरॉन भरपूर असूनही लघवीतून मीठ जात राहतं. आधी वाटायचं की मूत्रपिंड कच्चं आहे, एवढंच. नंतर उंदरांत आणि माणसांत दिसलं की जन्माच्या सुमाराला मूत्रपिंडातला अल्डोस्टेरॉनचा ग्राहीच फार कमी असतो आणि मग वाढत जातो. शरीराने तात्पुरते कानात बोळे घातलेत म्हणा. का? बाळ पाण्यातून बाहेर आलेलं असतं, अंगात पेशींबाहेरचं पाणी जास्त असतं, ते उतरवायचं असतं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन ५ ते १० टक्के उतरतं आणि घरचे घाबरतात, त्याचा मोठा भाग हे पाणी. हृदयाच्या कप्प्यांतून सुटणारं एएनपी हे संप्रेरकही पहिल्या दिवसांत चढलेलं असतं, तेही मीठ-पाणी बाहेर काढायलाच हातभार लावतं. दिवस न भरलेल्या बाळात मात्र हे मीठ जाणं हाताबाहेर जातं, तिथे आम्हाला मोजून भरावं लागतं.

व्हॅसोप्रेसिनची कथा तशीच. संप्रेरक आहे, पण नवजाताचं मूत्रपिंड लघवी जेमतेम ६००-७०० मिलिऑस्मोलपर्यंत (हे दाटपणाचं माप) दाट करू शकतं, मोठ्या माणसाचं १,२००पर्यंत. म्हणून लहान बाळ जुलाबात इतक्या लवकर सुकतं.

सई_ची_आई
पहिल्यांदाच लिहितेय. माझी सई एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. दुसऱ्या रात्री पडद्यावर सरासरी दाब २६ दिसत होता. मी इंजिनियर, आकडे वाचायची सवय, आणि मला फक्त माझ्या वडिलांचा १४०/९० माहीत होता. मला वाटलं संपलं सगळं. कोणी समजावून सांगितलं नाही. तिथली परिचारिका एवढंच म्हणाली, "ताई, पडद्याकडे नका बघू, तिच्या पायांकडे बघा. पाय गरम आहेत ना?" पाय कोमट होते. मी रात्रभर काचेतून पाय बघत बसले.

पुढे दाब चढवायला डोपामिन लावलं, त्याने फार उठाव आला नाही, मग हायड्रोकॉर्टिसोन दिलं आणि काही तासांत आकडा चढला. स्टेरॉइडने दाब का चढला हे मला आजवर कळलेलं नाही. सई आता सात वर्षांची आहे, झाडावर चढते.

भटकी_शेपटी
सईला माझ्याकडून खूप खूप प्रेम. परिचारिकेलाही.

पहाटवारा
सईची आई, त्या परिचारिकेला माझा नमस्कार. तिने बरोबर तेच सांगितलं जे आम्ही शिकाऊ डॉक्टरांना सांगतो. ढोबळ नियम असा आहे की बाळ जितक्या आठवड्यांचं, निदान तितका सरासरी दाब हवा. २९ आठवड्यांना २९. २६ म्हणजे कमी, पण नुसता आकडा बघून धावायचं नाही. पाय गरम आहेत का, लघवी होतेय का, दाबलेल्या जागी रंग परत यायला किती वेळ लागतो, हे आधी.

हायड्रोकॉर्टिसोनचं उत्तर: ते म्हणजे शरीरातलं कॉर्टिसॉलच. रक्तवाहिनी अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या औषधांना दाद देते ती कॉर्टिसॉलच्या जोरावर. कॉर्टिसॉल त्या ग्राहींची संख्या वाढवतं. गर्भात शेवटच्या दिवसांत बाळाचं स्वतःचं कॉर्टिसॉल चढतं, ती जन्माची पूर्वतयारी. सई त्या चढणीच्या आधीच बाहेर आली. तिची अधिवृक्क ग्रंथी अजून पुरेसं बनवत नव्हती, म्हणून डोपामिन हाक मारत होतं आणि नळ्या ऐकत नव्हत्या.

सई_ची_आई
सात वर्षांनी कळलं. धन्यवाद डॉक्टर. हे वाचून रडले, पण बरं वाटलं.

शिशिर_ऋतू
कॉर्टिसॉलचा धागा मेंढीपर्यंतच जातो बरं का. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स यांनी प्रसूती कशी सुरू होते हे शोधताना मेंढीच्या गर्भाला स्टेरॉइड दिलं. कोकरं वेळेच्या फार आधी जन्मली आणि तरी श्वास घेत होती. ते १९६९मध्ये छापून आलं. मग हॉवी यांच्याबरोबर माणसांवरची चाचणी, १९७२. आज वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात ते तिथून आलं.

बाभूळ
हे वाचून आनंद झाला, पण मला एक गोष्ट खुपते ती मांडतोच. या कोकरांच्या धमन्यांत नळ्या घालून आठवडेच्या आठवडे दाब मोजतात ना? ती जिवंत, जागी असतात. आईपासून दूर? आपण "मेंढीच्या गर्भात असं दिसलं" हे किती सहज लिहितो.

शिशिर_ऋतू
बाभूळ, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. हो, भूल देऊन शस्त्रक्रियेने नळ्या बसवतात, वेदनाशामक देतात, काही दिवस बरं होऊ देतात आणि मग जाग्या कोकरावर मोजतात. जाग्याच का? कारण भूल स्वतःच दाब आणि रेनिन दोन्ही बदलते. भुलीतले आकडे घेऊन बाळांवर उपचार ठरवले असते तर चुकले असते. आम्ही असताना कोकरू आईजवळच ठेवत असू, मोजण्यापुरतं बाजूला. तरीही शेवटी त्यातली बहुतेक कोकरं जगत नाहीत, हे खरं आहे. मी ते काम सोडलं त्यात या गोष्टीचा वाटा होता. आणि सईसारख्या मुलांचं वाचून वाटतं की ते काम झालं नसतं तर? दोन्ही एकाच वेळी वाटतं.

बाभूळ
एवढं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आभार.

चहा_बिनसाखरेचा
अवांतर: माझ्या गोळीचं मूळ सापाच्या विषात आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं का? आणि तो कोरडा खोकला का येतो?

पहाटवारा
खरं आहे. ब्राझीलमधला जराराका नावाचा साप. फेरेरा यांनी १९६५मध्ये दाखवलं की त्याच्या विषातला एक घटक ब्रॅडिकिनिनचा प्रभाव वाढवतो. ब्रॅडिकिनिन नळ्या सैल करतं आणि त्याला मोडणारं विकर म्हणजेच एसीई. विष एसीईला अडवत होतं. त्यावरून स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. गोळीत विष नाही, विषाची युक्ती आहे. आणि न मोडलेलं ब्रॅडिकिनिन वायुमार्गात साठतं, तोच तुमचा खोकला. फार छळत असेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, एटी-१ अडवणारी दुसरी औषधं आहेत.

आता याचा मूळ प्रश्नाशी संबंध. हीच कॅप्टोप्रिल नवजाताला मोठ्या माणसाच्या हिशेबाने दिली तर दाब कोसळतो आणि लघवी बंद पडते. कारण कमी दाबावर मूत्रपिंडातली रक्ताची गाळणी चालू ठेवायची तर गाळणीतून बाहेर जाणारी नळी आवळून ठेवावी लागते, आणि ते काम अँजिओटेन्सिन-२ करतं. ते काढलं की गाळणं थांबतं. म्हणून आम्ही सुरुवात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमसारख्या कणभर मात्रेने करतो.

नवजाताला उच्च रक्तदाब होतो का? होतो. बेंबीच्या धमनीत घातलेल्या नळीमुळे गुठळी होऊन ती मूत्रपिंडाच्या धमनीत अडकते, हे एक नेहमीचं कारण. गोल्डब्लाट यांनी १९३४मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून जे घडवलं, तेच इथे गुठळी घडवते. रेनिन मुळात जास्त, त्यात हा चिमटा. मग दाब चांगलाच चढतो. म्हणजे बाळाच्या नळ्या अगदीच बहिऱ्या नाहीत.

शिशिर_ऋतू
+१. आणि गर्भारपणात ही एसीई किंवा एटी-१ अडवणारी औषधं का देत नाहीत तेही इथेच बसतं. गर्भात अँजिओटेन्सिन नुसतं दाबासाठी नसतं, त्याच्याशिवाय मूत्रपिंड घडतच नाही नीट. उंदराचं मूत्रपिंड जन्मानंतरही सुमारे दीड आठवडा घडत असतं, त्या काळात ही साखळी अडवली तर मूत्रपिंडाचा आतला भाग आयुष्यभर बिघडलेला राहतो. मेंढीचं आणि माणसाचं हे काम जन्माआधीच पुरं होतं, माणसात ३४-३६ आठवड्यांपर्यंत. म्हणून एका प्राण्याचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवताना वय नव्हे, मूत्रपिंड कुठवर आलंय ते बघायचं.

आणखी एक सुंदर गोष्ट. गर्भात रेनिन बनवणाऱ्या पेशी मूत्रपिंडातल्या धमन्यांवर लांबवर पसरलेल्या असतात. वय वाढतं तशा त्या मागे सरकत गाळणीच्या तोंडाशी उरतात. पण मोठ्या प्राण्याला मीठ फार कमी पडलं, की त्या धमनीतल्या साध्या स्नायूपेशी पुन्हा रेनिन बनवू लागतात. बालपण विसरलेलं नसतं.

भटकी_शेपटी
मी रस्त्यावरच्या कुत्र्यांचं बघते. परवा पावसात भिजलेली तीन पिल्लं सापडली, दोन दिवसांची असतील. एकाचे ठोके इतके मंद की मोजता येत होते. एकजण म्हणाला हृदय चालू करायचं इंजेक्शन मिळतं ते द्या. मी दिलं नाही, ऊब दिली. दोन जगली. चुकलं का माझं?

गुरांचा_दवाखाना
पोरी, चुकलं नाही. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, निवृत्त होऊन गावीच असतो.

नवजात पिल्लाचे ठोके मिनिटाला २००च्या पुढे असायला हवेत. ते मंदावतात ते बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडल्याने नाहीतर गारठ्याने. मोठा कुत्रा गुदमरला तर ठोके धावतात, पिल्लाचे बसतात. तिथे अ‍ॅट्रोपिन देऊन ठोके पळवले तर उपाशी हृदयाला पळवल्यासारखं होतं. तोंड-नाक साफ, प्राणवायू, कोरडं चोळणं, ऊब, मग साखर.

शिशिर_ऋतू
काका, यात संप्रेरकाचा एक भाग आहे. उंदराच्या नवजात पिल्लात अधिवृक्क ग्रंथीला मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. प्राणवायू कमी झाला की ग्रंथी स्वतःच ओळखते आणि अ‍ॅड्रेनॅलिन सोडते. साधारण आठवड्याने मज्जातंतूंचं जोडकाम पुरं होतं आणि ही स्वतःहून ओळखण्याची ताकद जाते.

गुरांचा_दवाखाना
हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

आता धागा जिचा आहे तिच्याशी बोलतो. माळरान, तुझ्या परीक्षेचं उत्तर या दोघांनी दिलं. वाड्यावरचं मी देतो. हगवणीने सुकलेलं कोकरू असतं ना, त्याचं रेनिन आधीच जास्त, आता आणखी चढलेलं. गाळणीत येणारी नळीसुद्धा आवळायला लागते. ती उघडी ठेवतं प्रोस्टाग्लँडिन हे अंगातलंच रसायन. आणि आपण काय करतो? कोकरू कण्हतंय म्हणून वेदनाशामकाचं इंजेक्शन. मेलॉक्सिकॅम काय, फ्लुनिक्सिन काय, ही सगळी प्रोस्टाग्लँडिन बंद करणारी. मोठी मेंढी सोसते. सुकलेल्या कोकराचं मूत्रपिंड बसतं. हगवण थांबते आणि कोकरू तिसऱ्या दिवशी जातं, मालक म्हणतो नशीब. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला अशी कोकरं घालवली आहेत. तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटवारा
डॉक्टर काका, शब्दन् शब्द खरा. आम्ही बाळाची उघडी राहिलेली डक्टस (गर्भात हृदयाजवळच्या दोन मोठ्या धमन्या जोडणारी, जन्मानंतर मिटायला हवी अशी नळी) बंद करायला इंडोमेथासिन देतो तेही प्रोस्टाग्लँडिन बंद करणारंच. ते देताना लघवीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो.

माळरान
काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि शनिवारी घरी गेले. आमच्याकडे जुळी झाली होती, धाकटं चार किलोचं सुद्धा नव्हतं तेव्हा, आता सहा दिवसांचं, हगवण लागलेली, डोळे आत गेलेले. दादांनी इंजेक्शनची बाटली काढलीच होती. मी म्हटलं, आधी पाणी, मग बाकीचं. त्यांना रेनिन-बिनिन सांगत बसले नाही. एवढंच सांगितलं की त्याच्या मूत्रपिंडाची एक नळी आत्ता कशीबशी उघडी आहे, हे औषध दिलं तर ती आवळेल. ते म्हणाले, "आजी पण म्हणायची, सुकल्या कोकराला सुई नको." आजीला कुणी सांगितलं असेल?

आता वजन बरोबर चार किलो आहे. अंग थंड नाही, चोखतंय. ओआरएस किती द्यायचं?

गुरांचा_दवाखाना
तुझी आजी बघून शिकली असेल.

डोळे आत गेलेत, चामडी चिमटीत धरली की उभी राहते, म्हणजे आठ टक्के सुकलंय असं धर. चार किलोचे आठ टक्के म्हणजे ३२० मिलि. एकदम नाही, ८०-८० मिलि चार वेळा, दिवसभरात. हा झाला मागचा तोटा, हगवण चालू असेल तर तेवढं वर. आईचं दूध तोडायचं नाही, मध्ये दोन-एक तास जाऊ दे. कोमट दे. अंग ३७ अंशांच्या खाली गेलं किंवा मान टाकली तर तोंडाने काही घालू नको. आणि त्या वेळी थेट शेकोटीजवळही नेऊ नको. पाच तासांपेक्षा मोठ्या कोकराची साखर संपलेली असते, ऊब दिल्यावर झटके येतात. आधी ग्लुकोज, ते पोटाच्या पोकळीत द्यावं लागतं, त्यासाठी जवळच्या डॉक्टरला बोलाव.

मुतलं का ते बघ. मुतलं की मला इथे कळव.

माळरान
काका, संध्याकाळी सव्वासहाला मुतलं.

सई_ची_आई
पाय गरम आहेत ना?

माळरान
चारही गरम आहेत, ताई.